दारू खायची नसते म्हणे!

जेली शॉटबद्दल घराघरांत जे बोललं जातं ते मला आता तोंडपाठ झालंय. दारू प्यायची असते, खायची नसते. हे सगळं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचं खूळ. बायकांची दारू. गोडात लपवून पाजणं म्हणजे शुद्ध फसवणूक. आणि निघताना, चपला शोधता शोधता: एवढा वेळ खपलीस आणि एका घासात संपलं, काय उपयोग? बोलणारी माणसं आमच्याच घरी जेवून गेलेली आहेत, त्यामुळे वैर कुणाशी नाही. पण यातले बहुतेक आक्षेप पोकळ आहेत, आणि जो एक भरीव आहे तो भलत्याच आरोपीच्या माथी मारला जातो. म्हणून हा खटाटोप.

आधी भांडण नेमकं कशावरून आहे ते ठरवू. दुकानातलं जेलीचं पाकीट आणायचं, उकळत्या पाण्यात विरघळवायचं, वर हात सैल सोडून व्होडका ओतायची आणि इवल्या कपांत भरून फ्रिजमध्ये ढकलायची, हा एक प्रकार. रंग भडक, वास खोट्या स्ट्रॉबेरीचा, चव खोकल्याच्या औषधाची. जेली शॉटची जी काही अपकीर्ती आहे ती या प्रकाराने कमावलेली आहे आणि ती धुऊन काढायला मी बसलेली नाही. मी वकीलपत्र घेतलंय ते थरांच्या जेलीचं. त्यात एखादं नावाजलेलं कॉकटेल घ्यायचं, ते उलगडायचं आणि त्यातली एकेक गोष्ट एकेका थरात बसवायची. टकीला सनराइजमध्ये ग्लासच्या तळाशी डाळिंबाचं लाल सिरप असतं, वर टकीला आणि संत्र्याचा रस. जेलीतही खाली डाळिंब, वर संत्रं. मार्गारिटा केली तर कापलेल्या वडीवर ऐनवेळी मिठाचे चार कण. जिन-टॉनिकची जेली अतिनील दिव्याखाली निळी चमकते, कारण टॉनिकमध्ये क्विनाइन असतं. ग्लासात थर लावायचे तर जड द्रव खाली आणि हलका वर, हा नियम पाळावाच लागतो. फ्रेंच पूस-कफे, म्हणजे थरांचं रंगीत पेय, त्या नियमावर उभी असते आणि धक्का लागला की गढूळ होते. जेलीत मात्र थर एकदा बसला की वर जड ठेवा नाहीतर हलका, तो जागचा हलत नाही. कॉकटेल करणाऱ्याला ग्लासात जे स्वातंत्र्य मिळत नाही ते इथे मिळतं.

आता दारू खायची नसते हे म्हणणं. ते मी पहिल्यांदा ऐकलं एका सिंगल माल्टवाल्या परिचिताकडून. ग्लास उजेडात धरून बघणारा, पाणी थेंबाथेंबाने घालणारा गृहस्थ. दारूला चावायला लावणं हा तिचा अपमान आहे, असं त्याचं ठाम मत. याच गृहस्थाला डिसेंबरात रममध्ये मुरवलेला केक चालतो, दुसरा तुकडाही चालतो, तेव्हा रमची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही. पण टोमणा मारून विषय संपत नाही, कारण त्याच्या बोलण्याच्या मुळाशी एक समजूत आहे: जुनी, खानदानी दारू ती प्यायची, आणि जेली हा मागून घुसलेला पोरकटपणा. ही समजूत इतिहासाला धरून नाही.

१८६१ साली लंडनमध्ये इझाबेला बीटनबाईंचं घरगुती व्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक आलं. इंग्रज मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात ते पुढे पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलं. त्यात वासराच्या पायांपासून करायच्या जेलीची कृती आहे आणि त्या जेलीत साखर आणि लिंबाबरोबर शेरी आहे. याच जेलीची दोन रंगांची आवृत्तीही त्यात दिली आहे, एक थर साधा आणि एक लाल रंगाचा. म्हणजे थर लावलेली, दारू घातलेली जेली राणी व्हिक्टोरियाच्या काळात सभ्य घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडली जात होती. पुढच्याच वर्षी, १८६२ साली, न्यूयॉर्कमध्ये जेरी थॉमस या बारटेंडरचं पुस्तक निघालं. कॉकटेलच्या धंद्यातली माणसं आजही त्याला मूळपुरुष मानतात, कारण पेयं कशी मिसळावीत हे सांगणारं अमेरिकेतलं ते पहिलं पुस्तक समजलं जातं. त्यात पंचची जेली आहे. उत्तम पंच तयार करा, आयसिंग्लास पाण्यात विरघळवून गरम पंचात घाला, साच्यात ओता आणि ती पूर्ण बसेपर्यंत साच्याला हात लावू नका, असा एकूण मजकूर. ज्या पुस्तकाला कॉकटेलवाले आद्यग्रंथ मानतात त्याच पुस्तकात कॉकटेल खाण्याचीही सोय आहे. मग परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी नेमकी कुठली परंपरा धरली आहे?

हे आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, वाळवलेली. सातपाटी-पालघरच्या कोळ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. घोळ माशाच्या बोताला, म्हणजे याच पिशवीला, काय भाव येतो हे त्यांना शेअर बाजारापेक्षा पक्कं ठाऊक असतं. त्याविषयी पुढे आणखी एकदा बोलायचं आहे.

कॉलेजच्या पोरांचा आरोप त्यामानाने किरकोळ. टॉम लेहरर हा हार्वर्डचा गणिती आणि उपरोधिक गाण्यांचा कर्ता, २०२५ साली सत्त्याण्णव वर्षांचा होऊन गेला. १९५०च्या दशकात लष्करी नोकरीत असताना नाताळच्या पार्टीत मद्यपेय न्यायला बंदी होती, तेव्हा आपण व्होडका जेलीत घालून नेली, असं तो सांगायचा, आणि जेली शॉटचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. जनक तो नव्हे हे वर आलंच. पण त्याच्या गोष्टीतला धडा वेगळा आहे, आणि तो पाकिटाचा आहे. १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात पर्ल वेट नावाच्या, खोकल्याची औषधं करणाऱ्या माणसाने फळांच्या चवीची जेली पाकिटात आणली. त्याआधी मुळापासून जेली करणं म्हणजे जनावरांचे पाय उकळणं, चरबी काढणं, अंड्याच्या पांढऱ्याने गाळणं, असा दोन दिवसांचा घोळ होता. पाकीट आलं आणि जेली कुणालाही जमायला लागली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच पाकिटाने चव ठरवण्याचा अधिकारही करणाऱ्याच्या हातून काढून घेतला. लेहररनंतरच्या पोरांनी पाकिटात व्होडका ओतली. दोष द्यायचा तर त्या आळसाला द्या.

आपल्याकडे या भांडणाला एक खास मराठी फाटा आहे. थाळीत जेली बघितली की कुणीतरी विचारतं, यात जिलेटिन नाही ना? प्रश्न रास्त आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडीतून आणि हाडांतून निघतं, आणि ज्याला ते नको त्याला ते न सांगता खाऊ घालणं मला मान्य नाही. हिरव्या ठिपक्याची जेली मिळते, चायना ग्रास तर आपल्या आयांच्या वेळेपासून पुडिंगसाठी घरात येतोय, आणि तो समुद्री शेवाळापासून होतो. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याचं शेवाळ गोळा करतात. तेव्हा शाकाहारी जेली हा प्रश्नच नाही. गंमत वेगळीच आहे. जिलेटिनचं नाव काढताच ज्याच्या कपाळावर आठी चढते, तोच हातात विलायती बिअरचा किंवा वाइनचा ग्लास धरून बसलेला असतो, आणि कित्येक बिअर नि वाइन नितळ करायला वर्षानुवर्षं तेच आयसिंग्लास, तेच माशाचं बोत वापरलं गेलं आहे. गिनेससारख्या कंपनीने ते सोडलं तेही अलीकडे. ग्लासातला मासा दिसत नाही म्हणून चालतो, वडीतलं हाड ऐकू आलं म्हणून चालत नाही.

मी स्वतः बहुतेक वेळा चायना ग्रासच वापरते, आणि त्याचं कारण सोवळं नसून हवा हे आहे. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंडात ठेवल्यावर ते हळूच विरघळतं ते त्यामुळेच, आणि ते सुख चायना ग्रासला नाही, हे मोकळेपणाने सांगते. चायना ग्रास दाताखाली तुटतो, विरघळत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात दिवाणखाना स्वतःच पस्तीस अंशांच्या वर असतो. जिलेटिनची वडी पाहुण्यापर्यंत पोचायच्या आत ताटलीत पसरते. चायना ग्रास चाळीसच्या खाली आला की बसतो आणि एकदा बसला की पंच्याऐंशीच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. आपल्या उन्हाळ्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. शिवाय कच्चं अननस, पपई, किवी, अंजीर यांच्या रसात जिलेटिन बसतच नाही, कारण त्यांतली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. मटण शिजायला कच्ची पपई लावणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको. पिन्या कोलाडाची जेली करायला जाऊन रात्रभर पातळ पाणी बघत बसलेले लोक दोष जेलीला देतात, अननसाला देत नाहीत. रस उकळून घ्या किंवा डब्यातलं अननस वापरा. नाहीतर सरळ चायना ग्रास घ्या, त्यात प्रथिनच नाही.

आता थरांची जेली म्हणजे काय काम असतं ते एकदा जवळून बघा, म्हणजे पोरकटपणा हा शब्द परत घ्यायला सोपं जाईल. गोव्यात मार्च ते मे उर्राक ही काजूची हलकी दारू निघते तेव्हा ती लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. ती चव डोक्यात ठेवून मी काजूच्या फेणीची तीन थरांची जेली करते: खाली कोकम, मध्ये नारळाचं दूध, वर लिंबू-मिरची. खालच्या थराला सत्तर मिली पाण्यात पाऊण चमचा चायना ग्रासची पावडर भिजवून चांगली उकळायची, दोन-तीन मिनिटं, कण दिसेनासे होईपर्यंत. गॅस बंद. मग तीस मिली कोकमाचं आगळ, जराशी साखर आणि साठ मिली फेणी. आगळात मीठ असतंच, वेगळं लागत नाही. फेणी उकळत्या पातेल्यात घालायची नाही, कारण अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतं आणि फेणीचा वास त्याच्या बरोबर छताला जातो. पण ती फ्रिजमधली गारही नको. गार फेणी आणि गार आगळ एकदम पडलं की पातेल्यातलं सगळं मिश्रण चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येतं आणि हलवता हलवताच गुठळ्या धरतात. दोन्ही गोष्टी आधी बाहेर काढून ठेवायच्या. हे सगळं सत्तर आणि चाळीस यांच्या मधल्या वेळेत उरकायचं, थर्मामीटर नसला तर पातेल्याला हात लावून: चटका बसत नाही पण ऊब चांगली लागते, ती वेळ.

मिश्रण चौकोनी डब्यात ओतलं की खरी परीक्षा सुरू होते. दुसरा थर कधी ओतायचा? घाई केली तर तो पहिल्यात शिरतो आणि लाल-पांढऱ्याची गुलाबी खिचडी होते. उशीर केला तर आणखी वाईट, कारण चायना ग्रास पूर्ण बसला की अंगचं पाणी थोडं सोडतो. त्या ओल्या पृष्ठभागावर दुसरा थर बसलेला दिसतो, पण कापताना साबणाच्या वडीसारखा घसरून बाजूला येतो. पृष्ठभागाला बोट लावायचं. बोट चिकटलं पाहिजे, बुडता कामा नये. तेव्हा चायना ग्रास उकळून मिसळलेलं कोमट नारळाचं दूध, त्यात चिमूटभर मीठ, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं. वेळ टळलीच तर काट्याने वरची पातळ साय खरवडायची, म्हणजे धरायला जागा होते. नारळाच्या थरात मी दारू घालत नाही, का ते पुढे येईलच. वरच्या थरासाठी मिरची पाण्याबरोबर उकळून काढून टाकायची आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालायचा, कारण आंबटात उकळला की चायना ग्रासची पकड सैल होते. पुन्हा साठ मिली फेणी. दोन तासांनी सोळा वड्या.

ही वडी तोंडात टाकणाऱ्याला फेणीचा वास आल्याशिवाय राहत नाही. फेणी लपत नाही, लपवायची इच्छाही नाही. २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली आणि २०१६ साली गोवा सरकारने राज्याचं वारसापेय ठरवलेली ही दारू. तिचा वास नको असेल त्याने व्होडका घ्यावी. आणि इथे मी त्या भरीव आक्षेपाकडे येते.

गोडात दारू लपवून पाजणं ही फसवणूक आहे, हे म्हणणं खरं आहे. जेरी थॉमसलाही ते माहीत होतं. पंचच्या जेलीखाली त्याने इशारा दिलाय, की जेलीत पंचची ताकद कळत नाही, आणि बायका विशेषतः ती भरपूर खाऊन जेवणानंतरच्या नाचाला नालायक होतात. इशारा बरोबर, पत्ता चुकीचा. जेलीची ताकद न कळायला बाईच असावं लागत नाही. ज्याने दारू किती घातली हे सांगितलं नाही, त्याच्यासमोर कुणीही तसाच फसतो. अल्कोहोलचा अंमल चढायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. माणूस मात्र दहा मिनिटांत चार कप गिळतो, कारण अजून काहीच वाटत नाही. कप किती कडक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, बहुधा करणाऱ्यालाच माहीत नसतं. ही फसवणूक आहे आणि ती पाकीटवाल्या प्रकारात रोज होते. पण मग माप न सांगता पाजण्याला गुन्हा म्हणायचं असेल तर आरोपीच्या पिंजऱ्यात आधी कुणाला उभं करायचं? माझ्या मते आपल्या घरगुती बैठकीतल्या यजमानाला.

त्याचा हात बघा कधी. पेग मोजायचं माप कपाटात असतं, बाहेर येत नाही, कारण मोजून देणं म्हणजे कंजूषपणा. बाटली तिरपी होते, ‘बस’ म्हणायच्या आत दोन बोटं भरतात आणि ‘बस’ म्हटल्यावर आणखी एक. ग्लास अर्धा झाला की मागून येऊन कुणीतरी तो भरतो, त्यामुळे पिणाऱ्याला आपण कितवा पेग घेतोय हेच कळत नाही. आणि मग आपला तो प्रसिद्ध आग्रह. जिलबीच्या पंगतीतून तो जसाच्या तसा बाटलीपाशी आला आहे: एवढ्याशाने काय होतंय, आमच्यासाठी एक, वहिनी काही म्हणत नाहीत. जिलबीने फार तर पोट दुखतं. या माणसाने शेजारच्या थाळीतल्या जेलीकडे बोट दाखवून फसवणूक म्हणावं, ही कमाल आहे.

आता जेलीचा हिशेब. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, फेणीही त्याच घरातली. तीस मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण तेरा मिली अल्कोहोल. वरच्या डब्यात दोन थरांत मिळून एकशे वीस मिली फेणी गेली आणि सोळा वड्या निघाल्या, म्हणजे वडीला साडेसात मिली. चार वड्या म्हणजे एक छोटा पेग. मधला थर कोरडा ठेवला तो याच गणितासाठी: वडी तोंडभर होते, दारू वाढत नाही. पाकिटातल्या जेलीच्या नेहमीच्या प्रमाणातही, म्हणजे दोन कप द्रवात अर्धा कप व्होडका, हेच गणित येतं. बिघडतं ते अर्धीअर्धी व्होडका घालणाऱ्यांमुळे, तिथे दोन इवल्या कपांत पेग होतो आणि कुणी सांगत नाही. मी ताटलीच्या कडेला चिठ्ठी लावते: चारला एक पेग. लोक हसतात. पण हसत हसत मोजतात, आणि मोजणं हीच गोष्ट आपल्या बैठकांना नको असते. जेलीचा खरा राग मला वाटतं इथे आहे. तिच्यात यजमानाच्या हाताला काही काम उरत नाही. भरलेली वडी मागून येऊन कुणी पुन्हा भरू शकत नाही.

एका बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्याही पुढे जाऊन कडक आहे, ती म्हणजे मुलं. पाच वर्षांच्या पोराला रंगीत जेली आणि रंगीत दारूची जेली यांतला फरक कळत नाही, आणि त्याला थोडकी दारूही धोक्याची असते. म्हणून मुलं असलेल्या घरात ही जेली करायची नाही, किंवा केलीच तर वरच्या, बंद डब्यात, नाव लिहून, आणि बाहेर काढायची ती मुलं झोपल्यावर. न पिणाऱ्यांसाठीही जेली करावी, पण हुबेहूब तशीच दिसणारी करू नये. इतक्या वेळा बघितलंय, लोक हौसेने दोन्ही एकाच साच्यात, एकाच रंगात करतात, कुणाला वेगळं वाटू नये म्हणून. वेगळं दिसलंच पाहिजे. बिनदारूची गोल, दारूची चौकोनी, आणि ताटल्या दोन टोकांना. वयाचंही तसंच. महाराष्ट्रात फेणी, व्होडकासारख्या दारूसाठी पंचवीस वर्षं पुरी लागतात, बिअर-वाइनला एकवीस, गोव्यात अठरा. चावून खाल्ली म्हणून दारूबंदी अधिनियमातून सुटली, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. दारू पिण्याच्या परवान्याबद्दल मी काही विचारत नाही, कारण विचारलं तर अर्धा दिवाणखाना रिकामा होईल.

राहता राहिली बायकांची दारू आणि वाया गेलेला वेळ, आणि हे दोन आक्षेप खरं तर एकच आहेत. दिवाणखान्यात बैठक चालू असते तेव्हा स्वयंपाकघरात काय चालू असतं? पापड भाजणं, भजी तळणं, शेंगदाणे संपले, लिंबू कुठंय, बर्फाचा ट्रे अडकलाय. घरच्या बाईचा ग्लास, तिने घेतलाच असेल तर, ओट्यावर गरम होत पडलेला. ती बाहेर येते तेव्हा गप्पा तिसऱ्या विषयावर गेलेल्या असतात आणि तिला पहिला विनोद कुणी समजावून सांगत नाही. जेली आदल्या संध्याकाळी होते. थरांच्या मधल्या वेळात मी फोनवर बोलते, पुस्तक वाचते, काहीच करत नाही. काम हाताचं कमी, थांबण्याचं जास्त. दुसऱ्या दिवशी डबा उपडा करायचा, कापायचं, ताटली ठेवायची आणि बैठकीत जाऊन बसायचं, सगळ्यांबरोबर, सुरुवातीपासून. म्हणजे माझे जे तास वाया गेले म्हणतात ते मला परत मिळाले, ऐन पार्टीत. मग नवऱ्याने ग्लास विसळून ठेवले तर बरंच.

आणि एका घासात संपण्याचं म्हणाल, तर गोव्यातल्या बेबिंकाला हे कुणी म्हणून बघावं. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तांबूस करायचा, मग दुसरा, असे सात, कधी सोळा. अख्खी दुपार जाते. २०२३ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. खाणारा तीही दोन घासांत खातो आणि कुठल्याही गोंयकार मावशीला कुणी हिशेब मागत नाही, तिला आणखी एक तुकडा मागतात. थर लावण्याला तिथे कसब म्हणायचं आणि इथे रिकामटेकडेपणा, हे मला पटत नाही.

आमच्याकडे बारा माणसं असली तर मी अठ्ठेचाळीस वड्या करते, माणशी चार, म्हणजे सगळ्यांची मिळून तीनशे साठ मिली फेणी. साडेसातशेची अर्धी बाटलीसुद्धा नाही. सिंगल माल्टवाले गृहस्थ हा आकडा ऐकून दरवेळी खो खो हसतात, एवढ्यात काय होणार म्हणतात, आणि आपल्या चार संपवून पाचवीसाठी ताटलीकडे बघतात. ती शेजारच्याच्या वाट्याची असते. आणखी आहेत का, असं विचारलं की मी आहेत म्हणून सांगते, फक्त त्या बसायला दोन तास लागतील. तोपर्यंत मसालेभात वाढून झालेला असतो.